दिवे लावले की पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे वर चढतात

काटेकोर

गाडी ट्रायंफ स्पिटफायर १५००, १९७६ ची. निगेटिव्ह अर्थ, अल्टरनेटर, मूळचीच स्मिथ्सची मीटरं, लाकडी डॅशबोर्ड. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला आहे, म्हणजे करंट बॉडीतूनच बॅटरीकडे परततो; त्या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. रंगकाम आणि डॅशचं पॉलिश उरकून नुकतीच सगळी जोडाजोड केली. गाडी चालते छान. त्रास फक्त दोन काट्यांचा.

दिवसा दोघंही शहाण्यासारखे वागतात. टाकी अर्धी तर काटा अर्ध्यावर, इंजिन तापलं की टेंपरेचरचा काटा मधोमध. पार्किंग लाइट लावले की दोन्ही काटे चढायला लागतात. झटका नाही, थरथर नाही, अगदी संथपणे. मिनिटभरात पेट्रोल पाऊण टाकीच्या जरा अलीकडे आणि टेंपरेचर लाल पट्टीच्या उंबऱ्यावर. हेडलाइट लावले तरी त्यापुढे जात नाहीत. दिवे बंद केले की तितक्याच आरामात परत जागेवर. पेट्रोल फुकटात वाढतंय याबद्दल माझी तक्रार नाही, पण रात्रभर लाल पट्टीकडे बघत गाडी चालवणं होत नाही.

इंजिन खरंच तापतंय का ते आधी बघितलं. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर ८४ अंश, दिवे बंद असताना आणि लावल्यावरही. म्हणजे काटाच खोटं बोलतोय.

मग अर्थ तपासला. डॅशमागून येणारी काळी तार जिथे बॉडीला बोल्टने आवळली आहे, तिथपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर ०.४ ओहम दाखवतो. दोन्ही प्रोब नुसते एकमेकांना लावले तरी ०.३ येतो, म्हणजे अर्थ चांगला आहे असं मी धरलंय.

आणखी एक, कदाचित संबंध नसेलही. पार्किंग लाइट लावले की अप्परचा (हेडलाइटच्या लांब झोताचा) निळा दिवा अगदी मंद लागतो, अंधारातच कळेल इतका. हेडलाइट बंद असतानासुद्धा.

स्टॅबिलायझर, म्हणजे दोन्ही मीटरांना ठरावीक व्होल्टेज देणारा डबा, गेला असेल का? तो स्पीडोमीटरच्या पाठीला आहे. बदलायचा तर डॅश पुन्हा खाली घ्यावा लागेल आणि पॉलिशवर अजून बोटाचा ठसा उमटतो. म्हणून आधी विचारते.

तेलकटहात

स्टॅबिलायझरच. दोन्ही काटे एकत्र वर म्हणजे दुसरं काही नसतं. मूळचा पत्र्याचा डबा काढून इलेक्ट्रॉनिक बसवा, विषय संपला.

तसंच, टेंपरेचरचा सेंडर (इंजिनातलं तापमान मीटरला कळवणारा भाग) काढून पुन्हा बसवला होता का? आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काढा. सेंडरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. आणि कटकटच नको असेल तर प्रत्येक मीटरच्या पाठीवरून एकेक नवी काळी तार थेट बॅटरीला न्यायची.

काळीतार

ताई, डॅश उतरवू नका. निदान आज तरी नाही.

तुम्ही लक्षण इतकं नीट लिहिलंय की अर्धं काम झालंच आहे. दोन्ही काटे एकत्र चढतात, म्हणजे दोघांना सामाईक असलेल्या वस्तूत काहीतरी आहे. टाकीतला सेंडर आणि इंजिनमधला सेंडर एकाच दिवशी ठरवून बिघडत नाहीत. सामाईक वस्तू स्टॅबिलायझर, इथपर्यंत तेलकटहात यांचं बरोबर. पण दिवसा तोच स्टॅबिलायझर दोन्ही काटे अचूक ठेवतो. बिघडलेल्या स्टॅबिलायझरला गाडीचे दिवे लागलेत की नाही हे कसं कळणार? तेव्हा तो नाही. त्याच्या पायाखालची जमीन हलते आहे.

आत काय आहे ते समजून घ्या, पुढचं आपोआप कळेल. त्या डब्याला तीन टोकं. बी ला फ्युजमधून हिरवी तार येते, आय मधून फिकट हिरव्यावर हिरवी रेघ असलेली तार दोन्ही मीटरांना जाते, आणि ई म्हणजे डब्याचा पत्रा. आत दोन धातूंची एक पट्टी, तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्याचं एक टोक पत्र्याला. वेटोळं तापतं, पट्टी वाकते, संपर्क तुटतो; गार होते, परत जोडला जातो. ही उघडझाप सतत चालू राहते आणि सरासरी १० व्होल्ट बाहेर पडतात. डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे वेड्यासारखे नाचतात, त्याला घाबरू नका, तो त्याचा स्वभाव आहे.

आता मुद्दा. हे १० व्होल्ट तो स्वतःच्या पत्र्यापासून मोजतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून नाही. तुमचा डबा स्पीडोच्या पाठीला आहे, स्पीडो लाकडात बसलाय, लाकूड वीज वाहत नाही. म्हणजे स्पीडोच्या पत्र्याला जी एक काळी तार आहे तीच स्टॅबिलायझरचा अर्थ आणि तीच मीटरातल्या बल्बांचाही अर्थ. त्या वाटेत कुठे गंज किंवा ढिला जोड असला, तर दिवसा फक्त वेटोळ्याचा चिमूटभर करंट जातो, काही जाणवत नाही. पार्किंग लाइट लावले की बल्बांचा करंट त्याच वाटेने परतायला बघतो आणि जोडावर दाब साचतो. समजा २ व्होल्ट साचले. पत्रा बॉडीच्या २ व्होल्ट वर गेला, स्टॅबिलायझर प्रामाणिकपणे त्याच्यावर १० देतो, एकूण झाले १२. सेंडर मात्र डॅशचा अर्थ वापरत नाहीत. एकाचा अर्थ टाकीपाशी, दुसऱ्याचा इंजिनच्या लोखंडात. त्यांना १० च्या जागी १२ मिळतात. मीटरही आतून तशाच दोन धातूंच्या पट्टीच्या तापण्यावरच चालतं आणि ताप करंटच्या वर्गाने वाढतो. १२ आणि १० चं गुणोत्तर १.२, त्याचा वर्ग १.४४. काटा वर जाईल नाहीतर काय करेल?

निळ्या दिव्याचा संबंध नसेल असं म्हणालात, माझ्या मते तुमचा सगळ्यात पक्का साक्षीदार तोच. त्याच्या बल्बचं एक टोक स्पीडोच्या पत्र्याला, दुसरं अप्परच्या तारेला. हेडलाइट बंद असताना अप्परची तार हेडलाइटच्या फिलामेंटमधून सरळ अर्थला मिळालेली असते. पॅनेल बल्बांच्या करंटला काळ्या तारेतून वाट मिळेना, म्हणून समोरचा रस्ता बंद असलेला माणूस शेजाऱ्याच्या अंगणातून निघतो तसा तो निळ्या बल्बातून शिरून हेडलाइटमार्गे बाहेर पडतो. जाता जाता त्याला थोडा पेटवून जातो.

टेफ्लॉन टेपबद्दल. सेंडरच्या वाटेत कुठेही अडथळा वाढला तर करंट घटतो आणि काटा खाली जातो. टाकीचा अर्थ गेला तर पेट्रोल रिकामं दाखवेल, सेंडरच्या आट्यांवर टेप घट्ट बसली तर इंजिन गार दाखवेल. इथे काटे वर जातात. वर जायला एकतर सेंडरची तार कुठेतरी सोलून बॉडीला टेकलेली हवी, नाहीतर पुरवठा वाढलेला हवा. दिशा बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. आणि सगळीकडे नव्या तारा ओढायचा सल्ला मला कधीच पटलेला नाही. जोड खराब तसाच राहतो, फक्त डॅशमागचं जंगल वाढतं आणि पुढच्या माणसाला कोणती तार का ओढली होती ते कळत नाही.

आता मोजणी. ओहमवर अर्थ मोजणं बंद करा. दोन कारणं. एक, तुम्ही बोल्टपासून बॅटरीपर्यंत मोजलंत, पण तक्रार बोल्टच्या अलीकडची असू शकते, स्पीडो ते बोल्ट या तुकड्यात. दोन, मल्टिमीटर ओहम मोजताना नाममात्र करंट सोडतो. जाड केबलची एक नस शिल्लक असली तरी तो सगळं ठीक म्हणेल, आणि सेल्फ मारला की तीच केबल राम म्हणेल. अर्थ तपासायचा तो काम करत असताना.

डीसी व्होल्टवर लावा, २० ची रेंज. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. त्याला लांब तार जोडून क्लिपने पकडवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. इंजिन बंद, इग्निशन चालू, पार्किंग लाइट चालू. लाल प्रोब डॅशखालून हात घालून स्पीडोच्या पत्र्याला किंवा ब्रॅकेटच्या नटाला टेकवा. काट्याकडे बघू नका, तो मिनिटभर आळस देतो. आकडा लगेच कळतो. ०.१ च्या आत असेल तर माझं सगळं म्हणणं चूक. जास्त असेल तर लाल प्रोब बॅटरीच्या दिशेने एकेक जोड सरकवत या. आकडा जिथे धाडकन पडतो, त्या दोन ठिकाणांच्या मधेच रोग आहे.

इग्निशन चालू असताना प्रोबचं टोक बी किंवा आय वरून घसरून पत्र्याला लागू देऊ नका, फ्युज जाईल.

एक प्रश्न माझाही. जोडाजोडीत स्पीडोची केबल नवी घातली का?

अर्धाशहाणा

काळीतार काका, एक शंका. दोन धातूंच्या पट्टीच्या मीटरला अर्थ लागतच नाही ना? एका टोकाला पुरवठा, दुसऱ्या टोकाला सेंडरची तार. मग पेट्रोल मीटरच्या पाठीला काळी तार कशाला असते? मी तर ती काढून ठेवली आहे आणि माझं मीटर बरोबर चालतं.

काळीतार

बरोबर. काट्याला ती लागत नाही. ती बल्बसाठी आहे. तुमच्या मीटरातला बल्ब रात्री लागत नसेल, किंवा ब्रॅकेट कुठेतरी धातूला टेकून त्याचं भागवत असेल. ती तार परत लावा. आज लोंबकळणारी तार उद्या हिरव्या तारेच्या टोकावर जाऊन बसते.

हे फक्त संथ चालणाऱ्या मीटरांबद्दल, बरं का. ज्या मीटरांत चुंबकी वेटोळी असतात, काटा इग्निशन दिल्याबरोबर टुणकन उडतो, त्यांना स्वतःचा अर्थ लागतो आणि अर्थ खराब असला तर इंडिकेटरच्या तालावर काटा नाचतो. काटेकोर ताईंनी 'झटका नाही, थरथर नाही' लिहिलं म्हणून मी पट्टीवाली मीटरं धरून चाललो.

काटेकोर

मोजलं. इंजिन बंद, पार्किंग लाइट चालू, बॅटरी १२.४.

स्पीडोच्या ब्रॅकेटचा नट: २.१ व्होल्ट. दिवे बंद केले की जवळजवळ शून्य. बॉडीवरचा अर्थ बोल्ट: ०.०३. म्हणजे मी जो तुकडा ओहमने मोजून खूश झाले होते तो खरोखरच ठणठणीत आहे, नेमका त्याच्या अलीकडचा आजारी.

मग सरकत गेले. स्पीडोकडून निघालेली काळी तार एका काळ्या रबरी बाहीत जाते. तिथे चार बुलेट (तारांच्या टोकाच्या गोल पिना) एकत्र येतात, दोन मीटरांकडून, एक स्पीडोकडून, आणि एक जाड तार बाहेर पडून बोल्टला. स्पीडोकडच्या बुलेटवर २.०, बाहेर पडणाऱ्या जाड तारेच्या बुलेटवर ०.०५. बाहीच्या आत दोन व्होल्ट गायब.

बाही बाहेर ओढली. जाड तारेची बुलेट जेमतेम तोंडापर्यंत आत होती आणि आतल्या पत्र्याच्या नळीवर हिरवट थर. काळ्या तारेवर क्रोकोडाइल क्लिपची दुसरी तार लावून बाहीला बगल दिली, दिवे चालू ठेवले, आणि बसून राहिले. निळा दिवा तत्क्षणी विझला. पॅनेलचे बल्ब इतके उजळले की मी आतापर्यंत त्यांना मुळातच मिणमिणते समजत होते. काटे मिनिटभरात आपापल्या जागी.

आणि हो, स्पीडोची केबल नवी आहे! हे तुम्हाला कसं कळलं?

काळीतार

कळलं नाही, विचारलं. जुन्या केबलला स्पीडोकडे धातूचा नट होता आणि नवीला प्लास्टिकचा, असंच ना? जुन्या केबलचं कवच आतून पोलादी वेटोळ्याचं असतं. एक टोक स्पीडोच्या पत्र्याला, दुसरं गिअरबॉक्सला. बाही कधीची आजारी असेल कोण जाणे, पण पॅनेलच्या बल्बांचा करंट त्या केबलमधून गिअरबॉक्सवर उतरून घरी पोचत होता. प्लास्टिकच्या नटाने ती चोरवाट बंद केली आणि जुना रोग उघडा पडला. रंगकामानंतर अशा तक्रारी निघतात त्या याचसाठी. गाडीत पूर्वी फुकटचे अर्थ किती होते ते सगळं रंगवून, नवं रबर आणि प्लास्टिक घालून झाल्यावर कळतं. बाकी गाड्यांतही बघा, ताज्या रंगावर आवळलेला अर्थचा स्क्रू हा रंगालाच आवळलेला असतो, बॉडीला नाही.

हिशोबही जुळतो. २.२ वॉटचे चारपाच बल्ब, कमी दाबावर मिळून ०.८ अँपिअरच्या आसपास. दोन व्होल्ट भागिले ०.८, म्हणजे जोडात अडीच ओहम. डोळ्यांना किरकोळ वाटेल असा थर, पण मीटरच्या दुनियेत अडीच ओहम म्हणजे भिंत.

आता दुरुस्ती. ती बाही घासून परत वापरू नका. आतली नळी पातळ पत्र्याची असते, एकदा सैल झाली की बुलेट धरत नाही. नवी चार तोंडांची बाही घ्या, बुलेट पितळेच्या, क्रिंप करून वर थोडं कथील, आणि प्रत्येक बुलेट टक्क आवाज येईपर्यंत आत ढकला. बोटांनी जमत नाही, पक्कड हळू वापरा. तार हलकेच ओढून बघा, निसटली तर ती बसलीच नव्हती. बाही बदलायचा कंटाळा असेल तर चारही काळ्या तारांना गोल लग (भोकाची धातूची कडी) लावून एकाच बोल्टवर घ्या. मला तेच जास्त आवडतं, जोड एक, तोही डोळ्यांसमोर. बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग आवळणं असं नाही. धातूला धातू भिडल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून ती असते, वीज नेण्यासाठी नाही.

स्टॅबिलायझर आहे तोच राहू द्या. ज्याने १२ व्होल्टच्या गोंधळातही आपलं काम चोख केलं त्याला का काढायचं?

तेलकटहात

मान्य, पण इलेक्ट्रॉनिक घातला असता तर अर्थ खराब असतानाही १० चे १० राहिले असते ना? त्याला उघडझाप नसते.

काळीतार

नाही राहिले असते. आतली चिप बहुधा ७८१० असते, म्हणजे १० व्होल्ट कायम ठेवणारा रेग्युलेटर. तिचा मधला पाय म्हणजे अर्थ, आणि तीही १० व्होल्ट त्या पायापासूनच मोजते. पाय २ व्होल्ट वर तर बाहेर १२. पाय पूर्ण सुटला तर आत जितकं येतं जवळजवळ तितकं बाहेर. पत्र्याच्या डब्याचंही तसंच, वेटोळ्याला परतीची वाट नाही तर संपर्क उघडतच नाही. डबा बदलून गुण आला असता तर तो बदलताना हात लागून बाही सरळ झाली म्हणून. चिपवाल्याची दुसरी गोष्ट, तो निगेटिव्ह अर्थसाठी वेगळा आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळा येतो. ज्यांच्या ब्रिटिश गाड्या साठच्या दशकातल्या आहेत त्यांनी घेण्याआधी आपली बॅटरी कशी जोडली आहे ते बघा.

मागचीसीट

माझ्याकडे मिनी १०००, १९७८ ची. मलाही हाच त्रास म्हणून बघत होतो, पण थोडा वेगळा. चढतो तो फक्त टेंपरेचरचा काटा, पेट्रोल जागेवर. आणि फक्त इंजिन चालू असताना. दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावलं की काटा लालकडे. इंजिन बंद करून नुसत्या इग्निशनवर दिवे लावले तर काही होत नाही. डॅशचा अर्थ वर सांगितला तसा मोजला, ०.०४. मग?

काळीतार

मग डॅश सोडा, इंजिन धरा. तुमचं इंजिन रबरावर बसलंय, बॉडीशी त्याचा एकच नातेवाईक, तो म्हणजे गुंफलेली तांब्याची अर्थ पट्टी. ती गेली आहे.

इंजिन चालू असतानाच का, याचं कारण मजेदार आहे. इंजिन बंद असताना दिव्यांना करंट बॅटरी देते. तो दिव्यांतून बॉडीत येतो आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. इंजिनशी त्याला देणंघेणं नाही. इंजिन चालू झालं की दिव्यांना अल्टरनेटर पोसतो आणि अल्टरनेटरचं निगेटिव्ह म्हणजे इंजिनचं लोखंड. मग दिव्यांचा, ब्लोअरचा, काचेच्या हीटरचा सगळा करंट बॉडीतून त्या पट्टीवाटे इंजिनात परत जायला बघतो. पट्टी खराब, तर इंजिन बॉडीपेक्षा खाली जातं. १५ अँपिअर आणि एक दशांश ओहम, झाले दीड व्होल्ट. स्टॅबिलायझर बॉडीपासून १० मोजतो, टेंपरेचर सेंडर इंजिनात, त्याला मिळतात साडेअकरा. टाकी बॉडीला आहे, म्हणून पेट्रोलच्या काट्याला याचा पत्ताच नाही.

मोजायचं असं. इंजिन चालू, सगळे लोड चालू, काळा प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूवर, लाल बॉडीवर. ०.१ पर्यंत ठीक, ०.२ च्या पुढे शंका घ्या. दुसरी चाचणी सेल्फ मारताना, त्याच दोन जागी. इग्निशन कॉइलची तार काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. तेव्हा करंट उलटा वाहतो, आकडा वजा येईल, त्याची काळजी नको. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी बदला.

सेल्फ मारताना चोकची केबल कधी गरम लागली का?

मागचीसीट

लागते! मला वाटायचं एक्झॉस्टजवळून जाते म्हणून.

काळीतार

सेल्फचा शेकडो अँपिअर करंट त्या केबलमधून घरी जातोय. आज संध्याकाळच्या आत पट्टी बदला, नाहीतर चोकची केबल आतून चिकटेल, किंवा ॲक्सिलरेटरची. ती चिकटली तर काट्याचा विषय मागे पडेल. पट्टी बसवताना दोन्ही टोकांखालचा रंग खरवडा, क्लचच्या बाजूला ब्रॅकेटवर जाडजूड रंग असतो.

मागचीसीट

पट्टी एका टोकाला लगच्या आतच तुटली होती, वरचं रबरी कवच तेवढं तिला धरून होतं. आधी १.४ येत होते, आता सगळे लोड लावून ०.०६. सेल्फही पूर्वीपेक्षा जोरात फिरतो. धन्यवाद काका.

काटेकोर

माझंही झालं. बाही काढून टाकली, चारही तारांना लग लावून एका बोल्टवर घेतल्या. स्पीडोच्या नटावर आता पार्किंग लाइटसकट ०.०४. डॅश न उतरवता, खाली आडवं पडून केलं, मान अजून वाकडी आहे.

एक राहिलं. पेट्रोलचा काटा आता दिवस-रात्र सारखाच, पण टाकी काठोकाठ भरली तरी 'पूर्ण'च्या एक रेघ खाली थांबतो. हाही अर्थच का? टाकीपाशी हात घालायला मला जरा धास्ती वाटते.

काळीतार

धास्ती योग्य आहे, ठेवा. टाकीपाशी ठिणगी पडेल असं काही करायचं नाही, तिथली तार काढायची-लावायची ती बॅटरीची केबल सोडूनच.

एक रेघ कमी म्हणजे थोडा अडथळा जास्त, त्यामुळे टाकीचा अर्थ संशयित आहे, पण एकटा नाही. या सेंडरांचा अंदाजे हिशोब असा: टाकी भरलेली असताना २० ओहम, रिकामी असताना २५० च्या आसपास. भरलेल्या टोकाला चारपाच ओहमही काट्याला जाणवतात, रिकाम्या टोकाला तितकेच ओहम कोणाला कळणारही नाहीत. म्हणून अर्थ किंचित खराब असेल तर वरच्या टोकाला काटा कमी दाखवेल आणि खालच्या टोकाला बरोबर. फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा) दांडा वाकला असेल तर चूक सगळीकडे सारखी पसरेल. तुमचा काटा अर्ध्यावर आणि पाव टाकीला बरोबर असतो का ते दोनचार वेळा भरून झाल्यावर बघा.

इथे मात्र मी ओहमच वापरेन, कारण करंटच मुळात चिमूटभर आहे. बॅटरी सोडा, टाकी काठोकाठ असताना सेंडरची हिरवी-काळी तार डॅशकडच्या टोकाला काढा आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलपर्यंत मोजा. मग दुसरा प्रोब लांब तारेने सेंडरच्या स्वतःच्या पत्र्याला लावून परत मोजा. दोन आकड्यांत फरक आला तर तो अर्थचा; नाही आला आणि दोन्ही २५ च्या वर असले तर सेंडर. आकडे इथे टाका.